रोबोटविना रोबोटिक्स: जोयड्यासारख्या जंगलगावांत सिम्युलेटर कसा बसवावा?

गोव्याहून अनमोडचा घाट चढला की उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका लागतो. काळी नदी, सुपा धरण आणि काळी व्याघ्र प्रकल्पाचे घनदाट अरण्य ही या तालुक्याची ओळख. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा येथे सहज कानी पडतात. मात्र वस्त्या विखुरलेल्या आणि डोंगर आडवे असल्याने अनेक गावांत मोबाईलचा सिग्नल भरवशाचा नाही. उच्च शिक्षणासाठी येथील मुले दांडेली, हल्याळ, बेळगाव, कारवार किंवा गोवा गाठतात. अभियांत्रिकीचा विद्यार्थी सुट्टीत गावी परतला की महाविद्यालयातील रोबोट तेथेच राहतो आणि सरावात खंड पडतो. हा खंड सिम्युलेटर भरून काढू शकतो. परंतु तो संगणकावर बसवताना पुरेशी पूर्वतयारी नसेल तर कित्येक जीबी डेटा आणि दोन-चार दिवस वाया जातात.

सिम्युलेटर म्हणजे काय?

सिम्युलेटर हे संगणकातील आभासी मैदान होय. त्यात रोबोटची चाके, सांधे, कॅमेरा, अंतर मोजणारे संवेदक यांची प्रतिकृती असते. गुरुत्वाकर्षण, घर्षण, धडक यांचे गणित संगणक करतो. विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम आधी या आभासी रोबोटवर चालतो. तो भिंतीवर आदळला तरी नुकसान काही होत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाच्या स्पर्धांतही सिम्युलेटरचा वापर होतो. गोव्यात शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकवण्यासाठी ‘केअर्स’ योजना आहे. त्यामुळे हा विषय आता केवळ अभियांत्रिकीपुरता उरलेला नाही.

तीन नावे वारंवार समोर येतात. ‘वेबॉट्स’चा जन्म 1996 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाला, 2018 पासून ते मुक्तस्रोत व विनामूल्य आहे. ‘गॅझेबो’ची सुरुवात 2002 मध्ये अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. तेही मुक्तस्रोत आहे. ‘कोपेलियासिम’ची शैक्षणिक आवृत्ती विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. यांच्या जोडीला ‘रॉस’ असते. रॉस हा सिम्युलेटर नव्हे. रोबोटच्या निरनिराळ्या भागांचे प्रोग्राम परस्परांशी बोलावेत यासाठीची ती व्यवस्था आहे.

आधी पत्रिका जुळवावी

बहुतेकांची गाडी येथेच अडते. रॉस आणि गॅझेबोची प्रत्येक आवृत्ती उबंटूच्या ठरावीक आवृत्तीसाठी तयार केलेली असते. उबंटू 22.04 असेल तर रॉस-2 ‘हंबल’ आणि गॅझेबो ‘फोर्ट्रेस’, उबंटू 24.04 असेल तर रॉस-2 ‘जॅझी’ आणि गॅझेबो ‘हार्मोनिक’ ही जोडी जुळते. हंबलला मे 2027 पर्यंत, तर जॅझीला मे 2029 पर्यंत अधिकृत आधार आहे.

इंटरनेटवरील अनेक जुने धडे मात्र रॉस-1 ‘नोएटिक’ आणि ‘गॅझेबो क्लासिक’ यांवर बेतलेले आहेत. गॅझेबो क्लासिकचा आधार जानेवारी 2025 मध्ये आणि नोएटिकचा मे 2025 मध्ये संपला. जुना धडा पाहून नव्या उबंटूवर तेच पॅकेज मागवले तर संगणक ‘पॅकेज सापडत नाही’ एवढेच सांगतो. विद्यार्थ्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. वास्तविक चूक जोडी जुळवण्यात असते. म्हणून धडा सुरू करण्यापूर्वी तो कोणत्या आवृत्तीसाठी आहे, हे पाहणे आवश्यक.

विंडोज, उबंटू की मॅक?

घरी किंवा शाळेत विंडोजचा संगणक असेल आणि शिकणारा नवखा असेल, तर वेबॉट्स किंवा कोपेलियासिम हा सोपा मार्ग. दोन्ही नेहमीच्या सॉफ्टवेअरप्रमाणे थेट विंडोजवर बसतात. वेबॉट्ससाठी ओपनजीएल 3.3 चालवू शकणारे ग्राफिक्स लागते. खूप जुन्या संगणकावर ते आधी तपासावे.

रॉस आणि गॅझेबोच हवे असतील तर विंडोजच्या आत उबंटू चालवणारी ‘डब्ल्यूएसएल-2’ ही सोय उपयोगी पडते. पॉवरशेल प्रशासकाच्या अधिकाराने उघडून एका आज्ञेत ती बसते. मात्र संगणकाच्या बायोसमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ बंद असेल तर ती चालत नाही. तो पर्याय आधी सुरू करावा. विंडोज 11 वर लिनक्समधील खिडक्याही पडद्यावर थेट दिसतात. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, हेही ध्यानात ठेवावे.

उबंटू थेट संगणकावर असेल तर काम सर्वांत सुरळीत होते. विंडोजशेजारी उबंटू बसवण्याची ‘ड्युअल बूट’ पद्धत चांगली; पण डिस्कचे विभाग पाडताना चूक झाल्यास सारा साठा पुसला जाऊ शकतो. आधी छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

मॅकवर वेबॉट्स आणि कोपेलियासिम चालतात. पहिल्यांदा उघडताना मॅकची सुरक्षाव्यवस्था अडवू शकते. सेटिंगमधील ‘गोपनीयता व सुरक्षा’ विभागातून परवानगी द्यावी लागते. गॅझेबो ‘होमब्रू’द्वारे बसते, पण त्याचे गणित करणारा भाग आणि दृश्य दाखवणारा भाग दोन वेगळ्या टर्मिनलमधून सुरू करावे लागतात.

गावी जाण्यापूर्वीची तयारी

उबंटू 24.04 ची डेस्कटॉप फाईलच सुमारे 6 जीबीची आहे. ती गावच्या सिग्नलवर उतरवण्याऐवजी महाविद्यालयात किंवा शहरातील वायफायवर घ्यावी. उबंटू अधिकृतपणे टोरेंटनेही उपलब्ध आहे. मध्येच वीज गेली तरी जेथे थांबले तेथून पुढे उतरवता येते. फाईल पूर्ण उतरली की संकेतस्थळावर दिलेल्या ‘शा-256’ आकड्याशी तिचा आकडा ताडून पाहावा. एका अक्षराचाही फरक असेल तर ती फाईल निरुपयोगी समजावी.

सॉफ्टवेअर बसले म्हणजे काम संपले, असे नाही. गॅझेबो आणि वेबॉट्स दोन्ही आपली कित्येक प्रारूपे गरज पडेल तेव्हा इंटरनेटवरून मागवतात. शहरात ती कधी उघडलीच नसतील तर गावी आभासी मैदान अपुरे किंवा रिकामे दिसते. यावर उपाय असा: जी दृश्ये लागणार आहेत ती शहरात असतानाच एकदा उघडावीत, म्हणजे ती संगणकात साठून राहतात. वेबॉट्सच्या साऱ्या प्रारूपांचा एकत्रित संचही स्वतंत्रपणे उतरवता येतो. त्यानंतर वायफाय बंद करून तेच दृश्य पुन्हा चालवून पाहावे. ते चालले तरच तयारी पूर्ण झाली.

शाळेतील किंवा घरातील डेस्कटॉप उचलून शहरात नेता येत नाही. त्यासाठी डब्ल्यूएसएलमध्ये तयार केलेला संपूर्ण उबंटू एका फाईलमध्ये ‘एक्स्पोर्ट’ करून दुसऱ्या संगणकावर ‘इम्पोर्ट’ करण्याची सोय आहे; दुसऱ्या संगणकावर डब्ल्यूएसएल मात्र आधी बसलेले हवे. येथे पेन ड्राईव्ह दगा देतो. ‘फॅट-32’ पद्धतीच्या पेन ड्राईव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, जागा कितीही शिल्लक असली तरी. पेन ड्राईव्ह आधी ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ पद्धतीने फॉरमॅट करावा. फॉरमॅट करताना त्यातील जुने सारे पुसले जाते, हे विसरू नये.

सिम्युलेटर खऱ्या रोबोटची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. ओली माती, झिजलेले चाक, उतरलेली बॅटरी यांचा अनुभव प्रत्यक्ष यंत्रावरच येतो. तरीही प्रोग्रामची रचना, संवेदकांचे वाचन आणि चुका शोधण्याची सवय यांचा बराच भाग पडद्यावर शिकता येतो. एका शिक्षकाने शहरातून योग्य आवृत्तीच्या फाईली तपासून एका पेन ड्राईव्हवर आणल्या, तर जोयड्यातील शाळेच्या साऱ्या संगणकांना त्याच पुरतात. सुट्टीतला विद्यार्थीही सिग्नलसाठी टेकडीवर न जाता घरच्या पडवीत बसून सराव चालू ठेवू शकतो.