स्थानिक माध्यम-मोहिमेचे नियोजन आणि महाविद्यालयीन युवक : मालेगाव (जि. वाशिम) तालुक्यातील सोयाबीन उगवण चाचणीच्या संदर्भात

सारांश

महाविद्यालयीन युवकांकडून जनजागृतीचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर होत असतात. तथापि त्यांपैकी बहुतेकांत नियोजनाचा आरंभ घोषवाक्यापासून होतो, आणि ऐकणाऱ्याने नेमके काय करावे हा प्रश्न मागे राहतो. पेरणीपूर्वी घरच्या घरी सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासणे ही एकच कृती केंद्रस्थानी ठेवून, स्थानिक माध्यम-मोहीम कशी आखावी आणि ती विद्यार्थ्यांना कशी शिकवावी याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : स्थानिक माध्यमे, जनजागृती, मोहीम-नियोजन, राष्ट्रीय सेवा योजना, सोयाबीन, उगवण चाचणी.

१. प्रस्तावना

मालेगाव म्हटले की पुष्कळांना नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर आठवते. प्रस्तुत लेखातील मालेगाव हे वाशिम जिल्ह्यातील, 'मालेगाव (जहांगीर)' या नावाने परिचित असलेले तालुक्याचे ठिकाण होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी हा एक. अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या महामार्गावरील हे गाव असून तालुक्याचे अर्थजीवन प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर ही येथील प्रमुख पिके आहेत.

येथील महाविद्यालयांत शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (स्थापना १९६९) नियमानुसार स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे सेवाकार्य आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावयाचे असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्प व समुदाय-सहभाग यांनाही श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे वेळ आहे, मनुष्यबळ आहे आणि अभ्यासक्रमात स्थानही आहे. उणीव आहे ती नियोजनाच्या शिक्षणाची. प्रभातफेरी निघते, भित्तिपत्रके लागतात, पथनाट्य होते, छायाचित्रासह बातमी छापून येते. परंतु त्यानंतर गावात काय बदलले, या प्रश्नाचे उत्तर अहवालात सापडत नाही.

२. लेखाची उद्दिष्टे

१) स्थानिक माध्यम-मोहिमेच्या नियोजनाच्या पायऱ्या स्पष्ट करणे.
२) या पायऱ्या एका प्रत्यक्ष स्थानिक प्रश्नाला लावून दाखविणे.
३) महाविद्यालयीन वर्षाच्या चौकटीत हे अध्यापन कसे बसविता येईल याची मांडणी करणे.

३. विषयाची निवड

'पर्यावरण वाचवा', 'शिक्षणाचे महत्त्व' यांसारखे विषय विद्यार्थी सहज निवडतात. हे विषय मोलाचे असले तरी मोहिमेच्या दृष्टीने अतिव्यापक आहेत. मोहिमेचा विषय निवडताना तीन कसोट्या लावाव्यात : प्रश्न गावाचा आहे काय, त्यावरील उपाय सर्वसामान्य कुटुंबाच्या हातात आहे काय, आणि परिणाम मोजता येतो काय.

सोयाबीनच्या उगवणशक्तीचा प्रश्न या तिन्ही कसोट्यांना उतरतो. २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी विदर्भ-मराठवाड्यातून मोठ्या संख्येने आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. बियाणे उगवले नाही म्हणजे दुबार पेरणी आली. बियाणे, खत, मशागत आणि मजुरी हा सगळा खर्च पुन्हा करावा लागतो, तोही हाती पैसा नसण्याच्या दिवसांत. शिवाय पेरणीची योग्य वेळ निघून जाते, ती कोणत्याही कर्जाने परत मिळत नाही.

सोयाबीनच्या बियाण्याचे आवरण पातळ व नाजूक असते. मळणीयंत्राचा वेग अधिक असला, पोती उंचावरून आपटली अथवा थरावर थर रचले, तर बाहेरून धडधाकट दिसणारा दाणाही आतून निकामी होतो. डोळ्यांनी पाहून बियाण्याची पारख होत नाही, म्हणूनच चाचणी आवश्यक ठरते. हे पीक स्वपरागसिंचित असल्यामुळे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते. त्यामुळे ही चाचणी घरच्या आणि विकतच्या अशा दोन्ही बियाण्यांसाठी उपयुक्त आहे.

४. पहिली पायरी : अपेक्षित कृती निश्चित करणे

नियोजनाच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांकडून एकच वाक्य लिहून घ्यावे : कोणी, काय, केव्हापर्यंत करावे? 'शेतकऱ्यांमध्ये बियाण्याविषयी जागृती करणे' हे उत्तर परत करावे. 'आपल्या गावातील सोयाबीन पेरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मे महिनाअखेरपर्यंत शंभर दाण्यांची उगवण चाचणी घ्यावी' हे उत्तर स्वीकारावे. पुढील सर्व निर्णय या वाक्यावर अवलंबून असल्याने त्यासाठी एक संपूर्ण तास खर्ची पडला तरी तो सार्थकी लागतो.

कृती निश्चित झाल्यावर ती विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. वर्तमानपत्राचा कागद चार पदरी घडी करून ओला करावा. त्यावर दहा दाणे ठेवून गुंडाळी करावी. अशा दहा गुंडाळ्या प्लास्टिकच्या पिशवीत चार दिवस ठेवून नंतर उघडाव्यात आणि चांगले अंकुर आलेले दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडूनही हीच चाचणी घेता येते. शंभरापैकी सत्तर अथवा अधिक दाणे उगवल्यास एकरी ३० किलो (हेक्टरी ७५ किलो) हे नेहमीचे प्रमाण पुरेसे असते. साठ ते सत्तरच्या दरम्यान उगवण असेल तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. उदाहरणार्थ, ६५ टक्के उगवण असल्यास ३० गुणिले ७० भागिले ६५, म्हणजे एकरी सुमारे ३२ किलो ३०० ग्रॅम. साठहून कमी उगवणीचे बियाणे पेरू नये. ज्याने स्वतः दाणे मोजलेले नाहीत, त्याला गावातील अनुभवी शेतकऱ्याच्या पहिल्याच शंकेचे उत्तर देता येणार नाही.

विदर्भाला ही रीत नवी नाही. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात गेल्यावर आधी हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनातही ते श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. आधी कृती, नंतर संवाद, आणि संवादातही प्रश्नाला प्राधान्य, हे सूत्र माध्यम-शिक्षणाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

५. दुसरी पायरी : श्रोत्याचा अभ्यास

बियाण्याचा निर्णय घरात कोण घेतो? पेरणी व खरेदी पुरुषाकडे असली तरी घरचे बियाणे निवडणे, वाळविणे आणि राखून ठेवणे ही कामे अनेक घरांत स्त्रिया करतात. केवळ पारावरच्या पुरुषांसाठी आखलेली मोहीम या कामाच्या खऱ्या जाणकारांना वगळते. बटईने शेती करणारे, बाहेरगावी मजुरीस गेलेले आणि वाचता न येणारे हेही श्रोतेच आहेत.

यासाठी हिवाळी विशेष शिबिराचा उपयोग करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने पाच कुटुंबांशी बोलून चार गोष्टींची नोंद करावी : मागील वर्षी बियाणे कोठून आणले, ते तपासले काय, तपासले नसल्यास का नाही, आणि शेतीविषयक माहिती कोणाकडून मिळाली तर विश्वास बसतो. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे विशेष महत्त्वाची होत. 'माहीत नव्हते' आणि 'वेळ मिळाला नाही' ही दोन भिन्न कारणे असून त्यांच्यासाठी भिन्न संदेश लागतात.

६. तिसरी पायरी : माध्यमांची निवड

आजचा विद्यार्थी माध्यम म्हटल्याबरोबर भ्रमणध्वनीवरील लहान चित्रफितीचा विचार करतो. ते माध्यम त्याज्य नाही. परंतु माध्यमाची निवड श्रोत्याच्या दिनक्रमावरून व्हावयास हवी. विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचा माध्यम-नकाशा काढावा : ग्रामपंचायतीचा फलक, मंदिरावरील ध्वनिक्षेपक, दवंडी, पीठगिरणी, एसटीचा थांबा, कृषी केंद्र, आठवडी बाजार, महिला बचत गटाची बैठक, सप्ताह, गावाचा व्हॉट्सॲप गट, वर्तमानपत्राचा स्थानिक वार्ताहर आणि आकाशवाणीचे अकोला केंद्र. प्रत्येकासमोर तीन रकाने असावेत : येथे कोण येतो, केव्हा येतो, किती वेळ थांबतो. गिरणीवर दळणासाठी थांबलेल्या बाईला दहा मिनिटे असतात. एसटीतून उतरणाऱ्याला दहा सेकंदही नसतात. म्हणून चाचणीचे प्रात्यक्षिक गिरणीवर अथवा बचत गटात करावे आणि थांब्यावर केवळ एक ओळ लिहावी. ध्वनिक्षेपकासाठी आवश्यक परवानगी घ्यावी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत त्याचा वापर करता येत नाही, हेही विद्यार्थ्यांना माहीत असावे.

साधे माध्यम नेमक्या वेळी वापरले तर किती परिणामकारक ठरते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे आढळते. २०२२ साली तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. माध्यम एक, वेळ एक आणि अपेक्षित कृती एक असल्याने संदेशाबाबत संदिग्धता उरली नाही. खेड्यातील माध्यम दुय्यम असते हा समजही इतिहासाला धरून नाही. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सुरू केलेले 'दीनमित्र' हे सत्यशोधकी पत्र अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून दीर्घकाळ निघत होते. आपला वाचक कोण आहे याची जाण हेच त्याचे बळ होते.

७. चौथी पायरी : संदेशाची रचना

संदेश लहान, बोलीतील आणि कृती सांगणारा असावा. 'बीज परीक्षण ही काळाची गरज' या वाक्यात कृती नाही. 'आंधी शंभर दाने, मंग पेरनं' या वऱ्हाडी वाक्यात ती आहे. संदेश ठरविण्यापूर्वी तो गावातील पाच-सहा जणांना ऐकवावा व 'यातून तुम्हाला काय समजले?' असे विचारावे. अपेक्षित उत्तर आले नाही तर ऐकणाऱ्याला दोष न देता वाक्य बदलावे.

संदेशात प्रामाणिकपणा सांभाळणे अगत्याचे आहे. चाचणी केली म्हणजे पीक हमखास येईल असे सांगू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करणे आणि बियाणे तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल न टाकणे याही अटी आहेत. तसेच न उगवलेल्या बियाण्याचा दोष सरसकट शेतकऱ्यावर जाईल अशी भाषा टाळावी. विकतचे बियाणे सदोष निघाल्यास दाद मागण्याचा त्याला हक्क आहे. त्यासाठी पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी आणि थोडे बियाणे जपून ठेवावे, पिशवी खूणचिठ्ठीच्या बाजूने न उघडता खालून उघडावी आणि तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी करावी, ही माहिती मोहिमेचा अविभाज्य भाग असावी. कोणत्याही कंपनीचे वा विक्रेत्याचे नाव पुराव्याशिवाय घेऊ नये आणि कोणाचेही छायाचित्र संमतीशिवाय वापरू नये.

८. पाचवी पायरी : वेळापत्रक

शेतीचे वर्ष आणि महाविद्यालयाचे वर्ष यांचा मेळ घालणे हा या नियोजनातील सर्वांत कठीण भाग होय. चाचणीचा हंगाम मे महिन्यात येतो आणि तेव्हा परीक्षा किंवा सुट्ट्या असतात. वरकरणी ही अडचण वाटते; परंतु सुट्टीत विद्यार्थी आपापल्या गावी परततात, हीच मोहिमेची जमेची बाजू ठरू शकते. महाविद्यालयात आखणी आणि गावात अंमलबजावणी अशी विभागणी करता येते.

जानेवारी : श्रोत्यांचा अभ्यास व माध्यम-नकाशा.
फेब्रुवारी : संदेशाची रचना व तपासणी.
मार्च : विद्यार्थ्यांनी स्वतः चाचणी घेणे, कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांकडून माहितीची खातरजमा.
१ मे : महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत विषयाची मांडणी व प्रात्यक्षिक.
मे : घरोघरी, गिरणीवर, बचत गटांत आणि बाजारात प्रात्यक्षिके.
जूनचा पहिला आठवडा : मृगापूर्वी स्मरण देणारा अंतिम संदेश.
जुलै-ऑगस्ट : मूल्यमापन.

उद्दिष्ट आवाक्यातील असावे. पंचवीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी आठ घरांची जबाबदारी घेतली तर दोनशे घरे होतात. संपूर्ण तालुक्याच्या घोषणेपेक्षा दोनशे घरांची यादी अधिक उपयुक्त ठरते.

९. सहावी पायरी : मूल्यमापन

किती पत्रके वाटली आणि किती बातम्या आल्या हे श्रमाचे मोजमाप आहे, परिणामाचे नव्हे. परिणाम तीन पातळ्यांवर तपासावा : संदेश किती जणांनी ऐकला, किती जणांना समजला आणि किती जणांनी चाचणी केली. यादीतील प्रत्येक घरासमोर उगवलेल्या दाण्यांची संख्या आणि त्यानंतर घेतलेला निर्णय नोंदवावा. बियाणे वाढविले, बदलले की तसेच पेरले? महाविद्यालय सुरू झाल्यावर शेतातील उगवणीची नोंद त्याला जोडावी. ज्या घरांनी चाचणी केली नाही त्यांची कारणे तितक्याच काळजीने लिहावीत; पुढील वर्षीच्या तुकडीसाठी तीच सर्वांत मौल्यवान सामग्री असते. गुणांकनातही सादरीकरणाच्या आकर्षकतेपेक्षा या नोंदींना अधिक भार द्यावा.

१०. निष्कर्ष

१) मोहिमेचे नियोजन अपेक्षित कृतीपासून सुरू केल्यास श्रोता, माध्यम, संदेश आणि मूल्यमापन यांची निवड सुसंगत होते.
२) स्थानिक माध्यमांची निवड लोकांच्या दिनक्रमावरून व्हावी, नवी व पारंपरिक माध्यमे परस्परपूरक आहेत.
३) विद्यार्थ्याने प्रचारित करावयाची कृती आधी स्वतः केलेली असावी.
४) महाविद्यालयीन वर्ष आणि शेतीचा हंगाम यांचा मेळ घालून सुट्टीचा काळ अंमलबजावणीसाठी वापरता येतो.
५) माहितीची सत्यता आणि लोकांच्या हक्कांचे भान हा मोहीम-शिक्षणाचा अनिवार्य भाग आहे.

ग्रामीण महाविद्यालयातील युवक हा आपल्या घरातील अनेकदा पहिला पदवीधर असतो. त्याच्या शिक्षणाचा पहिला लाभ घरच्या कणगीतील बियाण्याला मिळाला, आणि त्यामुळे एका जरी कुटुंबाची दुबार पेरणी टळली, तर ग्रामीण भागातील माध्यम-शिक्षणाचे प्रयोजन सिद्ध झाले असे म्हणता येईल.