चित्रकथेतला जामीनदार

कॉमिक्स हा शब्द काढला की आपल्या घरांतून साधारण दोनच उद्गार ऐकू येतात. पहिला मुलांसाठी असतो: ‘ते ठेव आणि अभ्यासाचं काढ.’ दुसरा मोठ्यांचा, स्वतःसाठी: ‘आमच्या वेळचा वेताळ आता कुठे!’ दोन्ही उद्गारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. चित्रकथा हा लहान वयातला खाऊ आहे, मिसरूड फुटले की तो सुटला पाहिजे. मी साठी ओलांडलेला माणूस आहे. लहानपण अकोल्यात गेले, नोकरी अमरावतीत झाली. गेल्या वर्षभरात भाचीच्या आग्रहाने मी तीन चित्रकथा वाचल्या आणि त्यांतल्या एकीत मला चक्क जामीनदार भेटला. दुसऱ्याच्या कर्जाला सही करून अडकलेला, अगदी आपल्या अकोट-दर्यापूरकडचा वाटावा असा. फक्त तो जपानी होता. या तीन पुस्तकांविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

आधी आपल्या पिढीचा हिशेब चुकता करू. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झाले आणि १९९० मध्ये बंद पडले. वेताळ आणि मँड्रेक आम्ही मराठीतून वाचले. १९७६ पासून त्यात आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला, तेव्हा धोतर-पागोटेवाली माणसे आणि आपल्यासारखी गावे चौकटीत प्रथमच दिसली. त्याआधीच, १९६७ मध्ये, अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ काढली होती. राम वाईरकर आणि प्रताप मुळीक या मराठी चित्रकारांच्या हातून उतरलेले कृष्ण आणि शिवाजी आमच्या डोळ्यांत असे बसले, की पुढे मूळ ग्रंथ वाचतानाही तेच चेहरे समोर यायचे. हे ऋण मी नाकारत नाही. पण आज ती पुस्तके पुन्हा चाळली तर दोन गोष्टी खटकतात. देव गोरे किंवा निळे, राक्षस काळे, हा रंगांचा हिशेब मुलांच्या मनात नकळत मुरतो. दुसरे असे, की त्यात राजे, संत, वीर सगळे आहेत. पण कपाशी वेचणारी बाई नाही आणि सोसायटीचा गटसचिवही नाही. चित्रात यायला माणूस मोठाच असावा लागतो, असे आम्ही त्या पुस्तकांतून शिकलो.

चित्रकथा वाचायची कशी, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, म्हणून दोन शब्द त्याविषयी. चित्रकथेतली खरी जागा म्हणजे दोन चौकटींमधली पांढरी पट्टी. समजा, पहिल्या चौकटीत दाव्याला बांधलेला बैल आहे आणि दुसरीत नुसते दावे. बैल गेला कुठे, हे चित्रकाराने काढलेले नाही. ते आपण मनात काढतो. सिनेमा आपल्याला त्याच्या वेगाने पुढे ओढतो. चित्रकथेत मात्र त्या रिकाम्या दाव्यापाशी किती वेळ थांबायचे, ते वाचणारा ठरवतो. म्हणूनच दुःख सांगायला हे माध्यम फार योग्य आहे.

जपानमध्ये चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. होकुसाई या थोर चित्रकाराने १८१४ पासून आपल्या रेखाटनांची जी पुस्तके काढली, त्यांच्या नावातही हाच शब्द आहे. मांगा सहसा काळ्या-पांढऱ्यात असते. स्वस्त कागदाच्या जाडजूड साप्ताहिकांतून ती क्रमशः येते आणि चालली तर मग तिचे छोटेखानी खंड निघतात. ती उजवीकडून डावीकडे वाचायची असते. मला पहिले चार दिवस याचा त्रास झाला. आपल्याकडच्या उर्दू शाळेतल्या मुलाला त्यात काहीच नवल वाटणार नाही. मुलांची, मुलींची, प्रौढांची मांगा वेगवेगळी असते आणि विषयाला बंधन नसते. स्वयंपाक, बेसबॉल, बुद्धिबळ, शेती, काहीही चालते. ओसामु तेझुका या मांगाकाराने तर १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे गौतम बुद्धाचे चरित्र चितारले.

माझ्या तिघींपैकी पहिली म्हणजे केजी नाकाझावा यांची ‘बेअरफूट गेन’, म्हणजे अनवाणी गेन. १९७३ पासून ती मुलांच्या साप्ताहिकात येऊ लागली आणि पुढे तिचे दहा खंड झाले. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीआड असल्यामुळे ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली सापडून गेले. १९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर अस्थी गोळा करायला गेले तर हाती फक्त राख आली. किरणोत्साराने आईची हाडेसुद्धा नेली, या संतापातून त्यांनी बाँबविषयी चितारायला घेतले.

पुस्तकात गेनचे वडील युद्धाच्या विरोधात आहेत, म्हणून शेजारीपाजारी या कुटुंबाला देशद्रोही ठरवतात. वडील मुलांना गव्हाचा दाखला देतात: थंडीत पायाखाली तुडवलेला गहू मुळे घट्ट धरतो आणि सरळ वाढतो. शेतकऱ्याच्या घरात हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. माझी तक्रारही सांगतो. पुस्तकात मारामाऱ्या फार आहेत आणि चेहरे इतके वेडेवाकडे होतात, की शोक आणि विनोद यांतला फरक कधी कधी पुसला जातो. तरीही मोठ्या मुलाच्या हातात मी हे पुस्तक देईन. २०१३ मध्ये जपानमधल्या मात्सुए शहरात शाळांच्या ग्रंथालयांनी ते उघड्या कपाटातून काढले, तेव्हा देशभर ओरड झाली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. ज्या पुस्तकाची मोठ्यांना चाळीस वर्षांनीही भीती वाटते, ते पोरखेळ नसते.

दुसरे पुस्तक आपल्या अगदी जवळचे. ‘भीमायन’ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचे पुस्तक ‘नवयान’ प्रकाशनाने २०११ मध्ये काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दाम्पत्याची. व्याम पतिपत्नींनी चौकटी काढायलाच नकार दिला. माणसांना डब्यात कोंडले तर ती श्वास कशी घेणार, असा त्यांचा विचार. त्यामुळे पान मोकळे आहे आणि गोंड पद्धतीच्या नक्षीच्या पट्ट्या प्रसंग वेगळे करतात. सालस बोलण्याला पाखराच्या आकाराचा फुगा. जातीचे विष असलेल्या बोलण्याला विंचवाची नांगी. एकदा ही खूण कळली की एकही शब्द न वाचता पानावर कोण डंख मारतो आहे ते दिसते.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला १९०१ सालचा प्रसंग यात आहे. लहानगा भीम भावंडांबरोबर आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरतो, वडिलांकडे गोरेगावला जायचे असते. जात कळताच गाडीवान न्यायला तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत ही पोरे निघतात. बरोबर जेवण आहे, पण पाणी नाही आणि ते कुणी देत नाही. हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता, भाषणांत ऐकलाही होता. पण या चित्रांत पहिल्यांदा मला त्या मुलांची तहान दिसली. पुस्तकाला एक चौकटकथा आहे. बसथांब्यावर आरक्षणावर कुरकुरणारा एक तरुण आणि त्याला उत्तर देणारी एक मुलगी यांचा संवाद. तो मला शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखा वाटला. चित्रे जे बोलतात ते पुन्हा शब्दांत सांगायची गरज नव्हती.

हे पुस्तक मिटल्यावर मला आपली अमरावती आठवली. त्याच १९२७ साली, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर काही महिन्यांनी, अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे ही मागणी अमरावतीत जोरात होती. नोव्हेंबरमध्ये इथे परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष म्हणून आले. डॉ. पंजाबराव देशमुखांनी त्या मागणीला उघड पाठिंबा दिला होता. अंबादेवीच्या रस्त्याने आपण हजारदा जातो. पण ती परिषद, ती माणसे, ते बंद दार आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे येत नाही. कारण ते त्यांना कुणी चितारून दाखवलेले नाही.

आता जामीनदाराकडे येतो. तिसरे पुस्तक म्हणजे हिरोमु आराकावा यांची ‘सिल्व्हर स्पून’, चांदीचा चमचा. २०११ ते २०१९ या काळात ती क्रमशः आली, पंधरा खंड आहेत. आराकावा या बाई होक्काइदो बेटावरच्या दूधधंदेवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. चित्रकार होण्याआधी सात वर्षे त्या घरच्या शेतावर राबल्या. कथेचा नायक हाचिकेन शहरातला हुशार मुलगा. परीक्षांच्या शर्यतीला आणि कडक वडिलांना कंटाळून तो वसतिगृह असलेल्या कृषी शाळेत येतो. शाळेचे ब्रीद फार गमतीचे आहे: कष्ट, सहकार आणि अतर्क्यपणा. पहिले दोन शब्द आपल्या प्रत्येक सहकारी संस्थेच्या भिंतीवर असतात. तिसरा कुणी लिहीत नाही, पण पावसाळा लांबला की तोच खरा ठरतो.

हाचिकेनला एका अशक्त डुकराच्या पिल्लाचा लळा लागतो. ते कापले जाणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. शेवटी तो स्वतःच्या कमाईतून त्याचे सगळे मांस विकत घेतो आणि मित्रांना खाऊ घालतो. यात रडारड नाही, उपदेशही नाही. ज्याने घरचा गोऱ्हा बाजारात नेला आहे, त्याला ही पाने वेगळी समजावून द्यावी लागणार नाहीत.

हाचिकेनचा मित्र कोमाबा बेसबॉल खेळतो. वडील नाहीत, आई आणि दोन लहान बहिणी. व्यावसायिक खेळाडू व्हायचे आणि गोठ्यावरचे कर्ज फेडायचे, हे त्याचे स्वप्न. सामना हरतो, कर्ज थकलेले असते, धंदा बंद होतो, गाई विकल्या जातात आणि कोमाबा शाळा सोडून कामाला लागतो. गोष्ट इथे थांबत नाही. त्यांची मैत्रीण मिकागे हिच्या घरच्यांनी त्या कर्जाला जामीन दिलेला असतो. आता तिच्या घरचे लाडके घोडेही विकायला निघतात. कर्ज एका घराचे, पण त्याची झळ कुंपण ओलांडून शेजारच्या घरात शिरते. हाचिकेनला सगळी गणिते सुटतात. या हिशेबापुढे मात्र तो हात बांधून उभा राहतो. त्याच्या हातून होते ते एवढेच, की पुढे तो मिकागेचा अभ्यास घेतो.

हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवले. आपल्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांवर आपण किती वाचले असेल! १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भासाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तो आकडा सगळ्यांना पाठ झाला होता. सातबाऱ्यावरचा बोजा, थकबाकी, जामीनदाराला आलेली नोटीस हे शब्द इतके घासले गेले, की त्यांच्यामागची शाळा सोडणारी पोरे दिसेनाशी झाली. आराकावांनी नेमके तेच दाखवले. कर्ज म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात काय, ते त्यांनी मुलांच्याच साप्ताहिकात, मुलांना समजेल असे मांडले. माझी एक शंका आहेच. या कथेत प्रत्येक खड्ड्याजवळ हात देणारा एखादा मित्र उभा असतो. वऱ्हाडात तो नेहमी असतोच असे नाही. पण त्या वयाच्या वाचकाला असा हात असू शकतो हे सांगणे मला खोटे वाटत नाही.

तीन पुस्तके, तिन्हींत बॉम्ब, पाणी आणि कर्ज अशा जड गोष्टी, आणि तिन्ही चित्रांतून सांगितलेल्या. चित्र असले की गोष्ट हलकी होते, हा समज मी आता सोडला आहे. शिक्षकांना आणि ग्रंथपालांना माझी विनंती आहे की चित्रकथांचे कपाट बालविभागातच कुलूप लावून ठेवू नका. आणि आपल्याकडे चित्रकलेत हात चालणारी मुले अकोल्यात, अमरावतीत, अचलपुरात शेकड्यांनी आहेत. शेंडगावच्या गाडगेबाबांचा खराटा, अंबादेवीपुढचा १९२७ चा जमाव, मेळघाटातून उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडे वसवलेली गावे, शेजाऱ्याच्या कर्जाला सही करून रात्रभर जागणारा बाप, हे सगळे त्यांच्या अंगणातले विषय आहेत. कुणी तरी वही घ्यावी, पहिली चौकट आखावी. नाही तर व्यामांसारखी, न आखताच सुरुवात करावी.