'गोपनीय' शिक्का उतरवणार कोण?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरच्या रस्त्याने निजामाच्या राज्यात शिरली आणि त्याच दिवशी नळदुर्ग तिच्या हाती आले. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिदिन पाळतो. रझाकारांच्या जुलमातून येथील रयत सुटली, हे सत्यच आहे. पण सत्य तेवढेच नाही.

त्यानंतर काय घडले हे पाहण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठविले. कारवाईच्या काळात व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा अंदाज त्यांनी अहवालात दिला. मरणारे बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. अहवाल मात्र गोपनीय म्हणून कपाटात गेला. दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो वाचायला मिळतो, हे २०१३ साली सर्वांना कळले. तोवर पाहणारे डोळे बहुतेक मिटले होते.

आज कायदा काय सांगतो? सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ प्रमाणे गोपनीयतेचा शिक्का असलेला कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊच शकत नाही. म्हणजे शिक्का उतरला नाही, तर दारच बंद! म्हणून १९९७ च्या नियमांत, दर पाच वर्षांनी कागद तपासून त्याची गोपनीयता कमी करण्याचे काम अधिकाऱ्यावर सोपविले आहे. हे काम तो करतो की नाही, हे विचारतो कोण?

माहिती अधिकार कायदा, २००५ आणखी पुढे जातो. माहिती नाकारण्याची कारणे त्याच्या कलम ८ मध्ये मोजून दिली आहेत. 'गोपनीय' हा नुसता शिक्का त्यांत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती तर काही मोजके अपवाद सोडता द्यावीच लागते.

बांधवांनो, शिक्षणबंदी ज्यांनी भोगली, त्यांना बंद पोथीचा अर्थ सांगावा लागत नाही. अत्याचाराच्या चौकशीचा अहवाल दडपला की न्यायही दडपला जातो, मग मेलेला कोणत्याही धर्माचा असो. म्हणून यापुढे अर्ज करताना केवळ कागद मागू नका. शिक्का कोणी मारला, शेवटची तपासणी कधी झाली आणि तो कायम ठेवण्याचा लेखी आदेश कोठे आहे, हेही विचारा. आदेश नसेल, तर अपिलात जा. आम्ही सोबत आहोत.