मांसल वनस्पतींची निगा (रायगड किनारा)

पाने, खोड किंवा मुळे यांच्या ऊतकांत पाणी साठवून कोरड्या काळात तग धरणाऱ्या वनस्पतींस मांसल वनस्पती म्हणतात. थंड देशांतील उद्यानविद्येत त्यांचे काटक व नाजूक असे दोन वर्ग करतात. हिमतुषार सोसून उघड्यावर जगतात त्या काटक, हिवाळ्यात घरात घ्याव्या लागतात त्या नाजूक. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात तापमान गोठणबिंदूच्या आसपासही येत नसल्याने ही कसोटी येथे निरुपयोगी ठरते. येथे वर्षाला सु. २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात. म्हणून पावसात टिकते ती काटक, अशीच विभागणी करावी लागते. आल्प्समध्ये बर्फाखाली जगणारी सेंपरव्हायव्हम येथे पहिल्याच पावसाळ्यात सडते. उलट यूरोपात काचगृहात जपावा लागणारा शेर कोकणात कुंपणाला लावतात.

पावसाने होणारी हानी समजण्यास या वनस्पतींची शरीरक्रिया ध्यानात घ्यावी लागते. त्यांपैकी अनेकींची त्वग्रंध्रे दिवसा मिटलेली असतात व रात्री उघडतात. त्या वेळी घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड अम्लरूपाने साठविला जातो. पानफुटीची पाने सकाळी आंबट व दुपारी बेचव लागतात, हे बेंजामिन हाइन यांनी १८१३ मध्ये नोंदविले होते. अशी वनस्पती मातीतून फारच थोडे पाणी उचलते. दमट हवेत कुंडी आधीच उशिरा वाळते. मग मुळांना हवा मिळत नाही आणि कवकांमुळे मूळकूज होते.

घायपात, शेर, तिधारी निवडुंग व पानफुटी ही उताराच्या जांभ्या जमिनीत बाराही महिने बाहेर राहू शकतात. कोरफडही राहते, मात्र पाणी तुंबता कामा नये. एकेव्हेरिया, हावर्थिया, लिथॉप्स आणि अडेनियम यांच्या कुंड्या मेअखेरीस पडवीत, पागोळ्यांपासून दूर घ्याव्यात. पावसाची वाट पाहत बसू नये. २०२० साली ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून रोजीच अलिबागजवळ किनाऱ्यावर आले होते. कुंडी भाजलेल्या मातीची व तळाशी भोक असलेली असावी. मातीत निम्म्याहून अधिक जाड नदीची वाळू व विटांचे तुकडे घालावेत. समुद्राची वाळू हाताशी असली, तरी क्षारांमुळे ती वर्ज्य समजावी.

पावसाळ्यात घरातील कुंड्यांना पाणी जवळजवळ बंदच ठेवतात. अंधाऱ्या खोलीत मात्र शेंडे लांबट व फिकट होतात, यासाठी खिडकीलगतची जागा द्यावी. बुंधा मऊ पडल्यास निरोगी भाग कापून, छेद काही दिवस सावलीत सुकवून मगच लावावा. शेर व निवडुंग यांचा चीक डोळ्यांस अत्यंत अपायकारक असल्याने तो जपून हाताळावा. ऑक्टोबरात कुंड्या पुन्हा बाहेर काढताना प्रथम केवळ सकाळचे ऊन द्यावे. चार महिने सावलीत राहिलेली पाने दुपारच्या उन्हात करपतात.