मावशीच्या नऊ टिपा कुठे गेल्या? लाटेकमधल्या अंत्यटिपांची गोष्ट

एपिसोड ऐकता ऐकता कमांड लिहून घेणं अवघड जातं, म्हणून हे लिखित रूप. कमांड मी बोलताना उच्चारल्या तशाच देवनागरीत ठेवल्यात. तुमच्या फाईलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये स्पेस न सोडता टाइप करायच्या.

तर गोष्ट अशी. माझी मावशी पीएचडी करत होती. विषय इचलकरंजीतल्या यंत्रमागांवर काम केलेल्या बायका. प्रबंध मराठीत, आणि तो लाटेकमध्ये बसवून देण्याची हौस माझी. सबमिशनला आठ दिवस राहिले असताना तिचा फोन आला, "अरे, गाईड म्हणतात तळटिपा नकोत. सगळ्या टिपा प्रकरणाच्या शेवटी घे." टिपा होत्या १८७. मी अगदी ऐटीत म्हणालो, "मावशी, एका ओळीचं काम आहे."

एका ओळीचं काम होतंही, आणि नव्हतंही.

आधी लाटेक म्हणजे काय ते थोडक्यात. डोनाल्ड क्नूथ या गणिती आणि संगणकशास्त्रज्ञाला १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं इतकी वाईट दिसली, की त्याने अक्षरजुळणीसाठी स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो टेक. त्यावर लेस्ली लॅम्पोर्टने १९८०च्या दशकात सोप्या कमांडचा थर चढवला, तो लाटेक. यात तुम्ही साधी टेक्स्ट फाईल लिहिता, 'हे प्रकरण', 'ही टीप' अशा खुणा करता, आणि प्रोग्रॅम त्यातून पीडीएफ काढतो. मराठीसाठी ती फाईल झीलाटेक किंवा लुआलाटेकने चालवायची आणि देवनागरी फॉन्ट द्यायचा. मी नोटो सेरिफ देवनागरी वापरला. ('लेटेक्स' म्हणालात तरी चालेल, मीही कॉलेजात तेच म्हणायचो.)

आता मुद्द्यावर. तळटीप लाटेकच्या पोटातच आहे: बॅकस्लॅश फुटनोट, मग महिरपी कंसात मजकूर. अंत्यटीप पोटात नाही, तिच्यासाठी पॅकेज घ्यावं लागतं. सगळ्यात जुनं आणि सरळ पॅकेज म्हणजे 'एंडनोट्स'. ते घेतलं की बॅकस्लॅश एंडनोट ही कमांड मिळते, आणि जिथे टिपांची यादी छापून हवी तिथे बॅकस्लॅश द-एंडनोट्स लिहायचं. माझी ती एक ओळ म्हणजे बॅकस्लॅश लेट, बॅकस्लॅश फुटनोट, बॅकस्लॅश एंडनोट. म्हणजे, 'यापुढे फुटनोट दिसलं की एंडनोट समज'. १८७ ठिकाणी हात लावायची गरज नाही. टीप ज्या वाक्याची, त्या वाक्यालाच चिकटलेली राहते, छापली कुठे जाईल ते वरच्या एका ओळीत ठरतं. लाटेकचं मला सगळ्यात आवडतं ते हेच.

पण आत काय चालतं ते मी पाहिलं नव्हतं. ते असं: बॅकस्लॅश एंडनोट आलं की मजकुरात फक्त वरचा आकडा छापला जातो आणि टीप शेजारच्या एका फाईलमध्ये जाऊन पडते. त्या फाईलचं एक्स्टेन्शन ई-एन-टी. पुढे द-एंडनोट्स आलं की ती फाईल बंद होते, वाचली जाते आणि तिथे छापली जाते. त्यानंतर नवी टीप आली की तीच फाईल कोरी करून पुन्हा सुरुवात. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. महिनाअखेरीला हिशेब केलात तर ठीक, विसरलात तर वही नुसती भरत राहते, दुकानदाराला कोणी टोकत नाही.

मी दोन ठिकाणी विसरलो.

तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी द-एंडनोट्स लिहायचं राहिलं. त्यामुळे त्या प्रकरणाच्या टिपा चौथ्याच्या टिपांसोबत छापल्या गेल्या. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी आकडा शून्यावर आणत होतो (बॅकस्लॅश सेटकाउंटर, कंसात एंडनोट, कंसात शून्य), म्हणून चौथ्याच्या शेवटी १ ते ३१, आणि लगेच खाली पुन्हा १ ते २७. हे निदान दिसलं तरी. दुसरी चूक उपसंहारात. तिथेही ती कमांड राहिली, आणि तिच्यापुढे काहीच नव्हतं. मजकुरात आकडे १ ते ९ व्यवस्थित, टिपा मात्र कुठेच नाहीत. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉग स्वच्छ. मी पीडीएफ मावशीला पाठवून झोपलो.

सकाळी तिचा फोन. "अरे, शेवटची टीप कुठाय?" त्या टिपेत एका आजींचा उल्लेख होता. सर्वांत मोठी मुलाखत त्यांची, आणि प्रबंध पुरा व्हायच्या आत त्या गेल्या. प्रबंधात त्यांचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी होतं. मावशी रागावली नाही, पण फोनवर जरा वेळ गप्प बसली. तो वेळ मला बराच मोठा वाटला.

टिपा हरवल्या नव्हत्या. ई-एन-टी फाईल उघडली तर उपसंहाराच्या नऊच्या नऊ तिथे सुखरूप बसलेल्या. तुम्ही ओव्हरलीफवर काम करत असाल तर लॉगच्या पानावर 'इतर फाईल्स'मध्ये ही फाईल सापडते. टिपा गायब वाटल्या तर आधी तिथे बघा.

यानंतर मी दोन बदल केले. एक, द-एंडनोट्स आणि आकडा शून्यावर आणणं हे दोन्ही मिळून एकच नवी कमांड बनवली, आणि ती प्रकरणाच्या शेवटी टाकली. आता ती विसरली तर पुढच्या प्रकरणाची पहिली टीप १ ऐवजी ३२ दिसते, म्हणजे चूक डोळ्यांत खुपते. दोन, शेवटच्या पीडीएफमध्ये प्रत्येक प्रकरणातला शेवटचा आकडा आणि यादीतला शेवटचा आकडा बोटाने मोजून जुळवले. कंटाळवाणं आहे, पण मशीन हे काम करत नाही.

आकडे मशीन सांभाळतं, टिपेतले शब्द नाही. मराठी प्रबंधात 'तत्रैव' हा शब्द पानोपानी असतो, म्हणजे 'वरच्याच टिपेतला संदर्भ'. मावशीने १४ आणि १५च्या मध्ये एक नवी टीप घातली. आकडे आपोआप पुढे सरकले, पण जुन्या १५मधलं 'तत्रैव' आता भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागलं. परीक्षकाने पकडलं तर चुकीचा संदर्भ दिला असाच अर्थ निघणार. आम्ही सगळे 'तत्रैव' शोधून लेखकाचं नाव आणि पान असं लिहिलं. संदर्भ बरेच असतील तर बिबलाटेक पॅकेज हे स्वतः बघतं, पण ते सुरुवातीपासून वापरायला हवं, शेवटच्या आठवड्यात नाही. तसंच 'टीप १२ पाहा' असा आकडा हाताने कधीच लिहू नका. त्या टिपेच्या आत बॅकस्लॅश लेबल द्या आणि बाहेरून बॅकस्लॅश रेफने बोलवा. आणि प्रकरणाच्या शीर्षकात टीप टाळा, नाहीतर ती अनुक्रमणिकेतही घुसू पाहते. द्यायचीच असेल तर टीप नसलेलं शीर्षक आधी चौकोनी कंसात द्या.

यादीवर 'नोट्स' असं इंग्रजी शीर्षक येतं. बॅकस्लॅश रिन्यूकमांडने नोट्सनेम बदलून तिथे 'टिपा' लिहिलं की झालं.

आता तुमच्या-माझ्यासारख्या फोनवर वाचणाऱ्यांचा प्रश्न. तळटिपेला निदान पान तेच असतं. अंत्यटिपेसाठी चाळीस पानं स्क्रोल करून खाली जा, परत या, तोवर वाक्य विसरलेलं. लिंक नसेल तर अंत्यटीप ही मला सरळसरळ शिक्षा वाटते. आणि जुनं एंडनोट्स पॅकेज लिंक देत नाही, हायपररेफ लावलं तरी आकड्यावर बोट ठेवून काही होत नाही. म्हणून शेवटी मी 'ई-नोट्झ' या नव्या पॅकेजवर गेलो. मजकुरातली कमांड तीच, एंडनोट. यादीसाठी प्रिंटएंडनोट्स. रीसेट हा पर्याय चालू केला की यादी छापल्यावर आकडे आपोआप १ पासून. बॅकरेफ चालू केला आणि सोबत हायपररेफ असलं की आकड्यावर टॅप करून टिपेत आणि टिपेवरून परत वाक्यात. एवढंच लक्षात ठेवा, की यात फाईल दोन-तीनदा कंपाइल करावी लागते, पहिल्या खेपेला यादी अर्धवट दिसली तर घाबरू नका.

वर्ड वापरणाऱ्यांनी नाराज होऊ नये, तिथेही तळटिपांच्या अंत्यटिपा करता येतात. मावशीला मी हे आत्ताच सांगितलं नाहीये.

प्रबंध वेळेत गेला. छापील प्रतीत मी आधी उपसंहाराच्या टिपा उघडल्या आणि नववी वाचली. मावशीने पीडीएफ फोनवर उघडली, नऊच्या आकड्यावर टॅप केलं, खाली गेली, परत वर आली. मग पुन्हा खाली गेली.