इनहेरिटन्स: लालपरी, शिवशाही आणि अर्धं तिकीट

मांजरसुंब्याच्या चौकात लालपरी थांबो की शिवशाही, दोन्ही बसच. म्हणून तिकिटाचा प्रोग्राम लिहिताना ‘बस’ हा मूळ क्लास करायचा; या दोघींना त्याची ‘भाडे’ ही मेथड वारशाने मिळते. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ही सवलत ‘बस’मध्ये एकदाच लिहिली की लालपरीला आपोआप लागू.

पण शिवशाहीचा दर वेगळा. तेवढ्यासाठी कुणी तिथे ‘भाडे’ अख्खी नव्याने लिहिली, म्हणजे ओव्हरराइड केली, तर मूळ मेथड चालतच नाही. सवलत गायब! एररही येत नाही. बाईंना पूर्ण तिकीट फाडलं जातं, आणि भांडण कंडक्टरच्या गळ्यात. त्यापेक्षा ‘बस’मधल्या ‘भाडे’ने दर ‘दर’ या वेगळ्या मेथडकडून घ्यावा. शिवशाहीत फक्त ‘दर’ बदला.