जिथे वर-खाली नाही, तिथले शिल्प

चौकातला अश्वारूढ पुतळा उभारताना शिल्पकाराइतकाच अभियंताही महत्त्वाचा असतो. घोड्याचे पुढचे पाय उचललेले असतील तर सगळा भार मागच्या पायांवर कसा पेलायचा, चौथरा केवढा ठेवायचा, हे त्याला ठरवावे लागते. हा सगळा हिशेब वजनाचा. पण जिथे वजनच जाणवत नाही, तिथे शिल्प न्यायचे झाले तर?

चंद्रावर हा प्रश्न अर्धाच सुटला होता. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ‘अपोलो १५’च्या अंतराळवीरांनी बेल्जियमचे कलावंत पॉल व्हॅन होयडोंक यांनी घडवलेली ‘फॉलन अ‍ॅस्ट्रोनॉट’ ही साडेआठ सेंटिमीटरची मानवाकृती चंद्राच्या मातीवर ठेवली. ती हलकी हवी होती आणि तिथली टोकाची उष्णता व थंडी सोसणारीही. म्हणून ती अ‍ॅल्युमिनियमची झाली. मूर्ती उभी असावी, अशी कलावंताची कल्पना होती. अंतराळवीरांनी मात्र ती आडवी ठेवली आणि शेजारी १४ दिवंगत अंतराळवीरांच्या नावांची पट्टी लावली. उभा माणूस आणि पडलेला माणूस यांचा अर्थ वेगळा. चंद्रावर पृथ्वीच्या एक षष्ठांश का होईना, गुरुत्व आहे. म्हणून तिथे हा फरक उरतो.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात तोही उरत नाही. गुरुत्वाकर्षण तिथेही असते. पण स्थानक आणि आतली माणसे एकत्रच पृथ्वीभोवती ‘पडत’ असल्याने भार जाणवत नाही. २२ मे १९९३ रोजी रशियाच्या ‘मीर’ स्थानकाकडे ‘कॉस्मिक डान्सर’ हे शिल्प रवाना झाले, ते नेमके याच अवस्थेसाठी. ते घडवले होते स्वित्झर्लंडमध्ये राहणारे मूळचे अमेरिकी कलावंत आर्थर वूड्स यांनी. अ‍ॅल्युमिनियमची ही कोनाकोनांची आकृती साधारण एक किलो वजनाची होती. तिला बैठक नव्हती आणि कुठल्याही बाजूने ती सरळच दिसे.

अशी वस्तू आत नेताना अभियंत्यांच्या अटी कडक असतात, आणि त्यांमागे माणसाच्या शरीराचा विचार असतो. बंद स्थानकात रंगाची वाफ सुटली तर उघडायला खिडकी नसते. रंगाचा टवका उडाला तर तो जमिनीवर पडत नाही, हवेत तरंगत डोळ्यांत किंवा नाकात जाऊ शकतो. धारदार कोपरा तरंगत आला तर जखम होते. शिल्पाचे वजन, रंग, कडा या सगळ्यांवर कलावंत आणि तंत्रज्ञ यांचे एकमत झाल्याशिवाय ते यानात चढत नाही.

‘मीर’वर गेनाडी मानाकोव्ह आणि अलेक्झांडर पोलेशुक या अंतराळवीरांनी ते शिल्प हवेत सोडले, हलकेच फिरवले, त्याच्याबरोबर स्वतःही तरंगले आणि त्याचे चित्रीकरण केले. कलाकृतीच्या सोबतीचा अंतराळात राहणाऱ्यांवर काय परिणाम होतो, हे पाहणे हाही या प्रयोगाचा हेतू होता.

हा हेतू समजून घ्यायचा तर कानाच्या आत डोकवावे लागेल. आपल्या अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. डोके कलले की गुरुत्वामुळे ते सरकतात आणि मेंदूला ‘वर’ आणि ‘खाली’ कळते. भारहीन अवस्थेत हा निरोप बंद पडतो. डोळे एक सांगतात, कान दुसरेच. म्हणूनच पहिल्या काही दिवसांत निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना मळमळ, उलट्या, दिशाभ्रम असा त्रास होतो. पुढे मेंदू जुळवून घेतो आणि मुख्यतः डोळ्यांवर विसंबू लागतो.

मनाचे जुळवून घेणे याहून अवघड. वालेरी पोल्याकोव्ह हे रशियन डॉक्टर १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस ‘मीर’वर राहिले. पहिल्या काही आठवड्यांत आणि पृथ्वीवर परतल्यावर त्यांच्या मनःस्थितीवर ताण दिसला. मधल्या काळात ते स्थिर होते. पण मंगळाची वारी जवळपास तीन वर्षांची असेल, आणि तिथून पृथ्वी एका ठिपक्याएवढी दिसेल. स्नायू आणि हाडे टिकावीत म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. मनाच्या व्यायामाचीही तजवीज हवी.

शिल्प हे औषध नव्हे. पण त्याला फार वजन वा खर्च लागतोच असेही नाही. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी फ्रेंच अंतराळवीर तोमा पेस्के यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात फक्त कागद आणि कात्री घेऊन ‘इनर टेलिस्कोप’ हे शिल्प तयार केले. त्याची रचना ब्राझीलमध्ये जन्मलेले कलावंत एदुआर्दो काक यांची. फ्रेंच अंतराळ संस्थेने त्यांना साथ दिली होती. या शिल्पालाही वर-खाली नाही. मात्र एका कोनातून पाहिले की त्यात ‘म्वा’ हा फ्रेंच शब्द वाचता येतो. त्याचा अर्थ ‘मी’.

‘मीर’ स्थानक २३ मार्च २००१ रोजी दक्षिण प्रशांत महासागरावर पाडण्यात आले. मंगळावर जाणाऱ्या यानाच्या सामानाची यादी करताना प्रत्येक ग्रॅमचा हिशेब होईल. त्या यादीत दोन-चार कोरे कागद आणि एक कात्री नक्की मावेल.